भावाचा आजार, माझं ठरत आलेलं लग्न आणि रक्ताची तपासणी

पत्र:

ताई, मी कोल्हापूरची. वय २८, नोकरी करते. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला होता. तेविशीच्या सुमाराला हळूहळू बदलत गेला. कुणी तरी आपल्यावर पाळत ठेवतंय म्हणायचा, रात्र रात्र जागायचा. आधी आम्ही त्याला नरसोबाच्या वाडीला नेलं, मग सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवलं. आता गोळ्यांवर बराच सावरलाय, घरच्या दुकानात बसतो. माझी इचलकरंजीची सोयरीक जमत आलीय. मुलाला मी “भावाची तब्येत बरी नसते” एवढंच सांगितलंय. पण त्याच्या मामांना बाहेरून कळलं. ते म्हणाले, “हा आजार ८० टक्के आनुवंशिक असतो. आता रक्तातल्या प्रोटीनवरून कळतं, पोरीची तपासणी करून घ्या, मगच लग्नाच्या याद्या करू.” ओळखीच्या एका लॅबवाल्यानं जनुकं आणि इम्युनिटीची प्रोटीनं असं पॅकेजही सांगितलं. त्यातच दादाच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये सीआरपी नावाचं प्रोटीन वाढलेलं आलं. बाबा म्हणतात, दोष रक्तातच आहे, गोळ्या कमी करून रक्तशुद्धीचा काढा सुरू करू. आई रडते, म्हणते दादा पोटात असताना मला ताप आला होता, माझ्यामुळंच झालं. मी ती तपासणी करू का? आणि मुलाला काय सांगू?

— एक बहीण, कोल्हापूर

उत्तर:

ती तपासणी करू नकोस. पैसे जातील आणि जो कागद हातात येईल त्यावरून तुला, तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला किंवा कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाला काहीही ठरवता येणार नाही. स्किझोफ्रेनिया आहे की नाही, पुढं होईल की नाही, हे सांगणारी रक्ताची तपासणी आज जगात कुठंही नाही. तुझ्या दादाचं निदानसुद्धा डॉक्टरांनी त्याच्याशी आणि तुमच्याशी बोलून, त्याचं वागणं काही काळ पाहून केलं असणार. रक्त तपासलं असेल ते थायरॉइड, बी-१२ वगैरे दुसरं काही कारण नाही ना, हे बघायला.

आता मामांचा ८० टक्क्यांचा आकडा. तो खोटा नाही, जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आलेला आहे. पण मामा तो जसा वाचतायत तसा त्याचा अर्थच नाही. “घरात एकाला असेल तर दुसऱ्याला व्हायची शक्यता ८० टक्के” असं तो सांगत नाही. एका मोठ्या समाजात काहींना हा आजार होतो आणि बहुतेकांना होत नाही. हा जो फरक पडतो, त्यातला किती वाटा जनुकांमधल्या फरकाचा, याचा तो अंदाज आहे. एकट्या माणसाबद्दल तो काही बोलत नाही. एकसारख्या जुळ्यांचंच बघ. दोघांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात. तरी एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आहे. सगळी जनुकं सारखी असून निम्म्याहून जास्त जण सुटतात, तर सख्ख्या बहिणीला, जिची सरासरी निम्मीच जनुकं भावाशी जुळतात, मामा कुठल्या हिशेबानं ८० टक्क्यांत बसवतात?

तुझ्यापुरते आकडे सांगते, म्हणजे मनात घोळत राहायला नकोत. सर्वसाधारण माणसाला आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता शंभरात एक किंवा त्याहून थोडी कमी. सख्ख्या भावंडाला असेल तर शंभरात साधारण ९. ज्यांच्या मामाला किंवा काकाला आहे अशा मुलांत, म्हणजे उद्या तुझ्या मुलांत, शंभरात ३ ते ४. म्हणजे शंभरातल्या ९६-९७ मुलांना होत नाही. शिवाय ते शंभरात ९ हे जन्मापासूनच्या अख्ख्या आयुष्याचं गणित आहे. पुरुषांत हा आजार बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो, बायकांत काही वर्षं उशिरा, आणि पंचेचाळिशीनंतर पुन्हा थोडासा वाढतो. तू २८ वर्षांची आहेस, तेव्हा त्यातला बराचसा काळ तू पार केलायस. सगळा नाही, हेही खरं आहे.

मग जनुकांची तपासणी का नको? एप्रिल २०२२ मध्ये यावरचा फार मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ७६,७५५ रुग्ण आणि जवळजवळ अडीच लाख निरोगी माणसं त्यात होती. जनुकसंचात २८७ जागा अशा सापडल्या, जिथल्या बारीकसारीक फरकांचा या आजाराशी संबंध आहे. यातली एकेक जागा धोका इतका कमी वाढवते की एकटीला काही अर्थच नाही, आणि त्यातले कितीतरी फरक निरोगी माणसांतही सर्रास असतात. माझ्यात असतील, मामांतही असतील. या सगळ्यांची बेरीज करून जो स्कोअर काढतात, तोही आजाराच्या प्रवृत्तीतला जेमतेम ७ टक्के फरक समजावू शकतो. वर हे अभ्यास बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत. तोच स्कोअर कोल्हापूरच्या मुलीला लावला तर तो आणखी ढिला पडतो. संशोधनासाठी हे काम अनमोल आहे, पण याद्या करायच्या की नाहीत हे ठरवायचं ते साधन नाही. (एक अपवाद नोंदवते. २२व्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा जन्मतःच गळालेला असेल, तर धोका खरोखर मोठा असतो, जवळपास चारात एक. पण त्या मुलांना बहुतेकदा लहानपणापासून हृदयाचे, टाळूचे, शिकण्याचे त्रास दिसतात. दादाला असं काही असतं तर तू लिहिलं असतंस.)

रक्तातली प्रोटीनं मात्र सविस्तर सांगायला हवीत. मामांनी कुठंतरी वाचलेलं साफ खोटं नाही. अर्धं आहे, आणि अशा अर्ध्या माहितीपायी सोयरिकी मोडतात.

आपल्या सहाव्या गुणसूत्रावर प्रतिकारशक्तीच्या जनुकांची मोठी वस्ती आहे. स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासात सगळ्यांत ठळक खूण तिथंच सापडली. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी त्या खुणेतला एक भाग उलगडला. तिथं सी-४ नावाचं जनुक आहे. त्याचे दोन प्रकार, सी-४ए आणि सी-४बी, आणि त्यांच्या प्रती कुणात कमी, कुणात जास्त. यातून जे प्रोटीन बनतं त्याचं शरीरातलं काम म्हणजे जंतूंवर आणि मेलेल्या पेशींवर खूण करणं, म्हणजे सफाई करणाऱ्या पेशी येऊन ते गिळून टाकतात. मेंदूतही हे प्रोटीन असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की वाढत्या वयात मेंदू पेशींमधल्या नको असलेल्या जोडण्या छाटतो, त्या छाटणीत याचा हात असतो. किशोरवयापासून तरुणपणापर्यंत ही छाटणी माणसातही चालते. ज्यांच्या मेंदूत सी-४ए जास्त बनतं त्यांच्यात ती प्रमाणाबाहेर होत असावी, आणि आजार नेमका त्याच वयात का उगवतो याचं एक उत्तर इथं असावं, असा संशोधकांचा कयास आहे. मला या शोधाचं फार अप्रूप वाटतं. तोवर या आजाराचं जैविक मूळ कुठं शोधायचं याबद्दल इतका नेमका धागा हाती नव्हता.

पण आता प्रमाण बघ. सी-४ची सगळ्यांत जास्त धोक्याची नेहमी आढळणारी जोडी असलेल्या माणसाला सगळ्यांत कमी धोक्याच्या जोडीच्या तुलनेत धोका किती? सुमारे सव्वापट. शंभरात एक असेल तर शंभरात सव्वा. आणि २०२० मध्ये त्याच गटानं दाखवलं की सी-४च्या ज्या रूपांनी स्किझोफ्रेनियाचा धोका वाढतो, तीच रूपं ल्युपससारख्या आजारापासून, जिथं शरीर स्वतःवरच उलटतं, बचाव करतात. अशा जनुकाला दोष म्हणायचं की गुण? आणखी एक गोष्ट: लॅबवाला सी-४ मोजेल ते रक्तातलं, जे मुख्यतः यकृतात बनतं. मेंदूतलं सी-४ मेंदूतल्याच पेशी बनवतात. रक्तातल्या आकड्यावरून मेंदूत काय चाललंय हे कळत नाही. रक्तातलं सी-४ डॉक्टर मोजायला सांगतात ते ल्युपससारख्या शंकेसाठी.

आता दादाचा सीआरपी. कोरोनात आपल्याकडं घराघरांत सीआरपी आणि आयएल-६ हे शब्द पाठ झाले होते, त्यामुळं तो वाढलेला दिसला की छातीत धस्स होतं. सीआरपी यकृतात बनतो. शरीरात कुठंही दाह असेल तर आयएल-६ नावाचं निरोप्या प्रोटीन यकृताला सांगतं आणि सीआरपी वाढतो. दातात पू, सर्दी-खोकला, वाढलेलं वजन, विडी-सिगारेट, कशानंही वाढतो. पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर गेलं की धोका आहे एवढं आपल्याला समजतं. त्यात भोगावतीचं पाणी किती, कासारीचं किती आणि कुंभीचं किती हे त्या आकड्यावरून समजत नाही. सीआरपीचंही तसंच.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत सरासरीनं सीआरपी आणि आयएल-६ थोडे जास्त असतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. मग दाहामुळं आजार होतो, की आजारामुळं, गोळ्यांनी वाढलेल्या वजनामुळं, धूम्रपानामुळं, बैठ्या दिवसांमुळं सीआरपी वाढतो? हे सोडवायला संशोधकांनी जनुकांचीच मदत घेतली. काही लोकांची जनुकं अशी असतात की त्यांचा सीआरपी जन्मापासूनच इतरांपेक्षा थोडा वर राहतो. सीआरपीमुळंच हा आजार होत असता, तर अशा लोकांत तो जास्त दिसायला हवा होता. २०१७च्या एका मोठ्या विश्लेषणात तो जास्त दिसला नाही, उलट किंचित कमीच दिसला. म्हणजे सीआरपीला आरोपी ठरवता येत नाही. आयएल-६च्या वाटेचा संशय मात्र अजून मिटलेला नाही. त्याच विश्लेषणात आयएल-६शी जोडलेल्या एका प्रोटीनचं पारडं आजाराकडं झुकलेलं दिसलं. इंग्लंडमध्ये नवव्या वर्षी ज्या मुलांचं आयएल-६ जास्त होतं, त्यांच्यात अठराव्या वर्षी भ्रम-भासांचे अनुभव तुलनेनं जास्त आढळले, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. पण तशा बहुसंख्य मुलांना काहीही झालं नाही. हे सगळे गर्दीचे हिशेब आहेत. हजारो माणसांच्या सरासरीत दिसणारा फरक एका मुलीच्या रिपोर्टात शोधता येत नाही, आणि जो शोधून देतो म्हणेल त्याच्यापासून दूर राहा.

बाबांना हे नीट सांग, आणि चिडून सांगू नकोस. गेली नऊ वर्षं मुलासाठी जो माणूस दारोदार फिरलाय त्याला “रक्तात सापडलं” हे ऐकून हायसं वाटणारच. दिसणाऱ्या शत्रूशी लढता येतं. पण गोळ्या कमी करण्याचा विचार त्यांच्या डोक्यातून काढायलाच हवा. २०१२ मध्ये ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण गोळ्या चालू असणाऱ्यांत २७ टक्के होतं, आणि गोळ्या थांबवून नुसती साखरेची गोळी दिलेल्यांत ६४ टक्के. दाह कमी करून हा आजार बरा होईल का, हेही लोकांनी करून पाहिलंय. मिनोसायक्लिन या दाह कमी करणाऱ्या अँटिबायोटिकच्या ब्रिटनमधल्या चाचणीत २०१८ मध्ये काही फायदा दिसला नाही. कोरोनात गाजलेलं टोसिलिझुमॅब, जे आयएल-६लाच अडवतं, तेही एका छोट्या चाचणीत उपयोगी पडलं नाही. एवढ्या नेमक्या औषधांनी जे साधलं नाही ते काढ्यानं साधेल या आशेवर दादाची सुधारलेली तब्येत पणाला लावू नका. काढा घ्यायचाच असेल तर आधी डॉक्टरांना त्यातली औषधं दाखवा आणि गोळ्यांना हात लावू नका.

प्रतिकारशक्ती खरोखर मेंदूवर उलटते आणि माणूस वेड्यासारखं वागू लागतो, असा एक वेगळा आजार आहे. २००७ मध्ये तो नीट ओळखला गेला. त्यात मेंदूतल्या पेशींवर निरोप घेणारं एनएमडीए रिसेप्टर नावाचं जे प्रोटीन असतं, त्याच्याविरुद्ध शरीर अँटिबॉडी बनवतं. हा काही दिवसांत किंवा आठवड्यांत झपाट्यानं चढतो. आकडी येते, तोंडाच्या-हातांच्या विचित्र हालचाली होतात, शुद्ध हरपते. त्याला स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन असे उपचार लागतात आणि लवकर दिले तर बहुतेक रुग्ण चांगले सुधारतात. दादाचं सगळं हळूहळू झालं आणि नेहमीच्या गोळ्यांना त्यानं दाद दिली, तेव्हा त्याच्याबाबत ही शंका दिसत नाही. पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी असं अचानक आणि आकडीसकट सुरू झालं असेल, तर आजच मोठ्या रुग्णालयात न्या. देव-देव करत बसायचा तो आजार नव्हे.

आता आई. गरोदरपणातला ताप आणि स्किझोफ्रेनिया यांचा संबंध संशोधकांनी तपासलाय. १९५७ च्या फ्लूच्या साथीत जी मुलं पोटात होती त्यांच्याबद्दल हेलसिंकीतून १९८८ मध्ये एक अभ्यास आला, त्यात धोका थोडा वाढलेला दिसला. नंतरच्या सगळ्या अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला नाही. दिला असता तरी काय? त्या साथीत लाखो गरोदर बायका तापानं फणफणल्या आणि त्यांची बहुतेक सगळी मुलं ठणठणीत वाढली. ताप येणं हा अपराध नव्हे. तुझ्या आईनं काहीही चुकीचं केलेलं नाही, आणि हे तिला फक्त तुझ्याकडून ऐकून पटणार नाही. पुढच्या वेळी तिला सीपीआरच्या मानसोपचार विभागात सोबत ने आणि दादाच्या डॉक्टरांनाच तिच्यासमोर सांगायला लाव. घरी रात्री मन फारच भरून आलं तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन शुभंकरांसाठी, म्हणजे रुग्णाला सांभाळणाऱ्या घरच्यांसाठी काम करते. आईला तिच्यासारख्याच दुसऱ्या आया भेटल्या, तर माझ्या हजार शब्दांपेक्षा जास्त उपयोग होईल.

आता मुलाचं. त्याला सगळं सांग, याद्या होण्याआधी सांग आणि तूच सांग. मामांकडून, मध्यस्थाकडून, कुणाच्या तरी चुलतीकडून ते त्याच्यापर्यंत गेलं तर त्याला वाटेल तुम्ही लपवलंत, आणि मग आजारापेक्षा लपवाछपवीचाच राग मोठा होईल. मात्र आधी दादाला विचार. तो शुद्धीवर आहे, दुकान सांभाळतो. त्याच्या आजाराची माहिती त्याची आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंही त्याला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. “दादा, मी त्यांना तुझ्या तब्येतीबद्दल सांगू का, किती सांगू?” एवढं विचारलंस तरी त्याला आपण घरातला माणूस आहोत असं वाटेल. बहुतेक तो सांग म्हणेल. नाही म्हणाला तर निदान “भावाला मानसिक आजार आहे, उपचार चालू आहेत” इतकं त्याच्या संमतीनं ठरवा. गोळ्या कुठल्या, काय काय झालं होतं, हे सांगायची गरज नाही.

मुलाला रंकाळ्यावर किंवा जिथं निवांत बोलता येईल तिथं एकट्याला भेट. लांबड लावू नकोस. “माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधांवर बरा आहे. मला हा आजार नाही. पुढं मला होण्याची शक्यता सर्वसाधारण माणसापेक्षा जास्त आहे, तरी शंभरात नऊच्या आतच, आपल्या मुलांना शंभरात तीन-चार. हे सांगणारी कुठलीही रक्ततपासणी नाही, म्हणून मी करणार नाही. तुला डॉक्टरांना काही विचारायचं असेल तर आपण दोघं मिळून जाऊ.” बस. मग त्याला विचार करू दे. तो मागं हटला तर वाईट वाटेल, फार वाईट वाटेल, पण तुझ्या भावाकडं पाहुणे आले की खोलीत दडवायची वस्तू म्हणून बघणाऱ्या घरात तुला आयुष्य काढायचं नाहीये. आणि एक मला स्पष्ट म्हणायचंय: मामा रिपोर्ट मागतायत तो एकट्या तुझाच का? आजार नसलेल्या मुलीनं सिद्ध काय करायचं? मुलाच्या घरातल्या डायबेटीसचे, दारूचे, हृदयविकाराचे कागद कुणी मागितलेत का? मागू नयेतच. पण तू मान खाली घालून बसायचं कारण नाही.

त्या पॅकेजचे पैसे वाचले तर ते दादासाठी वापर. त्याच्या रक्ताच्या ज्या तपासण्या खऱ्या गरजेच्या आहेत त्या साध्या आहेत आणि नेमक्या त्याच राहून जातात. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, थायरॉइड, आणि त्यासोबत वजन, पोटाचा घेर, रक्तदाब. या गोळ्यांनी वजन आणि साखर वाढते. या आजाराची माणसं इतरांपेक्षा कितीतरी वर्षं लवकर जातात, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा असतो. क्लोझापिन ही या आजाराची गोळी चालू असेल तर पांढऱ्या पेशींची तपासणी चुकवायची नाही, सुरुवातीला तर ती दर आठवड्याला लागते. दात दाखव. वाढलेल्या सीआरपीचं कारण पुष्कळदा तिथंच निघतं. विडी-सिगारेट ओढत असेल तर दिवसाला किती, ते लिहून डॉक्टरांना सांग. तंबाखूच्या धुरानं ओलान्झापिन (हीही याच आजाराची गोळी) आणि क्लोझापिन रक्तातून लवकर निघून जातं, आणि ओढणं अचानक बंद केलं तर त्याच गोळीचा डोस जास्त होऊन बसतो. मावा-तंबाखू खाल्ल्यानं तसं होत नाही, तरी त्याचे तोटे वेगळे आहेतच. म्हणून सिगारेट सोडायची ती डॉक्टरांना आधी सांगून. हे सगळं एका वहीत लिही, मागच्या सहा महिन्यांतलं वजन तारखेसकट घाल, आणि पुढच्या तारखेला ती वही आणि तो सीआरपीचा रिपोर्ट घेऊन दादाबरोबर बाबांनाच पाठव.